मळभकाकांचे पाढे

शारजात वर्षातले जवळजवळ सगळे दिवस लख्ख ऊन असतं. तरीही रोज सकाळी आभाळाकडे बघून "आज पण ऊनच," म्हणून हळहळणारा एक माणूस तिथे होता. आवाज असा, की घरात कुणाला ताप आहे आणि तो आजही उतरलेला नाही. मी तेव्हा हमरिया फ्री झोनमधल्या पिंपांच्या कारखान्यात तपासनीस होतो. सकाळी सहाला गाडी काढायला खाली उतरलो की हे गृहस्थ जिन्याखालच्या सावलीत उभे असत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात स्टुडिओच्या किल्ल्या, चेहऱ्यावर सुतक. वर्षातून चार-पाच दिवस आभाळ भरून यायचं. त्या दिवशी ते लांबूनच हात करायचे, "अरे, मळभ आलंय!" जणू गावाहून पाहुणा आलाय. माझ्या बायकोनं त्यांचं नाव मळभकाका ठेवलं आणि ते इमारतभर झालं. आमची सई तेव्हा सात वर्षांची होती. "पप्पा, इज मळभ हिज सरनेम?" तिनं विचारलं. अर्थ समजवायला खिडकीबाहेर दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो.

काका आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या फोटो स्टुडिओत नोकरीला होते. मालक सिंधी, त्यांना सगळे शेठ म्हणत. काकांची बायको रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात, काका इथे आणखी दोघांबरोबर एका खोलीत. दिवसभर पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो. पांढरी पार्श्वभूमी, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, मागे सावली नको. "सरकारला सावली चालत नाही," काका गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी सरळ करत सांगायचे. "माझ्या हाताखालून एवढी माणसं गेली, एकाचीही सावली पडली नाही."

पण स्टुडिओची खरी शान समोरच्या भिंतीवर होती. तिथे शेठनी छतापासून जमिनीपर्यंत एक छापील जंगल चिकटवलं होतं. अमेरिकेतली रेडवुडची झाडं, हजार-दीड हजार वर्षांची, बुंध्याला कवेत घ्यायला दहा माणसं लागतील अशी, आणि फांद्यांतून तिरपे उतरणारे सोनेरी किरण. साइटवर काम करणारी खेड-चिपळूणची मुलं शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून या जंगलात उभी राहत आणि तो फोटो गावी पाठवत. कोकणातल्या कित्येक घरांत अशी समजूत असणार, की दुबईच्या बाजूला फार दाट रान आहे.

काकांचा या जंगलावर राग होता. "झाडं खरी आहेत, उजेड खोटा आहे," ते म्हणायचे. "किरण दिसायला हवेत ओल लागते, नाहीतर धूर. इथे जमीन बघ, कोरडी ठणठणीत. आणि किरण उजवीकडून येतायत, तर बुंध्यांच्या सावल्यापण उजवीकडेच! कुणीतरी वरून रंगवलेत." मी त्या भिंतीसमोरून शंभर वेळा गेलो असेन, मला हे दिसलं नव्हतं. तरीही तिथे कुणी फोटोला उभं राहिलं, की काका जड दिवा डावीकडून उचलून उजवीकडे नेत. निदान माणसाच्या तोंडावरचा उजेड किरणांशी जुळावा म्हणून. शेठ वैतागत. "अरे भाई, कौन देखता है?"

"जंगल देखता है," काका म्हणत, आणि दिव्याची वायर गुंडाळू लागत.

जुन्या रानाचा फोटो उन्हात काढूच नये, हे त्यांचं ठाम मत. उन्हात खाली कवडसे पडतात. ते डोळ्याला गोड दिसतात, पण फिल्मवर उजेड पांढरा फटक येतो आणि सावली काळी ठिक्कर, मधलं झाड नाहीसं होतं. मळभात किंवा धुक्यात मात्र उजेड सगळ्यांना सारखा मिळतो. बुंध्यावरचं शेवाळ, नेच्याचं पान, मागे मागे पुसट होत गेलेली झाडं, सगळं आपापल्या जागी राहतं. "उन्हात झाड दिसतं," ते म्हणायचे, "मळभात झाडाचं वय दिसतं." हे सगळं ज्ञान त्यांनी जुन्या परदेशी मासिकांतून आणि गावच्या खाडीवरून मिळवलं होतं. रेडवुडचं झाड त्यांनी त्या भिंतीपलीकडे पाहिलेलं नव्हतं.

कमी उजेडात फोटो काढायचा तर शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, कधी वीस सेकंद, कधी तीस. काका त्यासाठी घड्याळ वापरत नसत. ते पाढे म्हणत. सतराचा पाढा म्हणजे वीस सेकंद, एकोणतीसचा म्हणजे तीस. गावच्या शाळेत मास्तरांनी छडीच्या ठेक्यावर बसवलेला वेग पन्नास वर्षांत हललेला नाही, असा त्यांचा दावा होता.

"काका, घड्याळानं काय वाईट केलंय?" मी एकदा विचारलं.

"घड्याळाकडे बघितलं की झाडाकडे बघायचं राहतं."

आता वाळवंटात झाड कुठलं? तर उम्म अल क्वैनच्या खाडीत तिवरांचं रान आहे. शारजाहून गाडीनं पाऊण तास. काकांनी ते बसमधून जाताना हेरलं होतं आणि माझ्याकडे गाडी आहे हेही हेरलं होतं. ही तिवरं उंचीला माझ्या डोक्याच्या थोडी वर. "तालीम आहे ही," काका म्हणायचे. "रेडवुडपुढे उभं राहायची वेळ आली तर हात कापायला नको." फोटोला धुकं हवं, आणि तिथे धुकं हिवाळ्यातल्या काही पहाटेच पडतं. अडचण अशी, की त्याच पहाटे तिथल्या रस्त्यांवर गाड्या एकमेकींवर आदळतात. पेपरात त्यांचे फोटो यायचे. शहाणी माणसं धुकं दिसलं की घरी थांबत, आम्ही धुकं दिसलं की निघत असू.

बायको दारात उभी राहून म्हणायची, "तुमच्या त्या मळभापायी शुक्रवारचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. पोहोचलात की फोन करा. आणि काका, यांना हळू चालवायला सांगा."

"वहिनी, मी शेजारी आहे ना," काका सांगायचे. शेजारी बसून ते काय करणार होते कोण जाणे. काच खाली करून, मान बाहेर काढून ते धुकं किती दाट आहे ते बघत आणि खूश होत. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून पुढच्या गाडीचे लाल दिवे शोधत असे. एकदा डावीकडून एक ट्रेलर धुक्यातून असा निघाला, की आधी त्याचा भोंगा आला आणि मग तो. मी गाडी वाळूत घातली. मग काका म्हणाले, "भीती मलाही वाटते रे. पण धुकं विरल्यावर जास्त वाटते."

त्याच दिवशी खाडीवर गस्तीची गाडी आली. काका गुडघाभर चिखलात, तिवराच्या मुळांमध्ये तीन पायांचा स्टँड रोवून उभे. शटर उघडं. पोलीस उतरला, तरुण पोरगाच होता. "रफीक, इदर क्या करता?" तिकडे आम्हा सगळ्यांनाच रफीक, म्हणजे दोस्त, म्हणतात. डोळे अर्धवट मिटून काका पुटपुटत होते, "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी..." माझा व्हिसा, सईची शाळा, पिंपं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण त्या पोराला वाटलं, म्हातारा प्रार्थना करतोय. तो मुकाट दोन पावलं मागे सरला आणि हात बांधून उभा राहिला. "सतरा दाहे एकशे सत्तर" झालं, शटर मिटलं.

"खलास?" पोलिसानं हळूच विचारलं.

"खलास," काका म्हणाले.

"सूरा माफी इदर. यल्ला, गर जाओ." फोटो काढायचा नाही, घरी जा. त्यानं माझ्या लेबर कार्डावरचा नंबर वहीत उतरवून घेतला. पुढचे दोन आठवडे कारखान्यात फोन वाजला की मी आधी मॅनेजरचं तोंड बघत असे. काही झालं नाही. पण काही होणार नाही हे तेव्हा कोण सांगणार होतं?

दुबईच्या देरा भागातल्या लॅबमधून स्लाइड, म्हणजे फिल्मचे पारदर्शक रंगीत तुकडे, धुऊन आल्या तेव्हा काकांनी त्यातली एक मला दाखवली. बाकी सगळ्या राखाडी आणि नितळ होत्या, ही मात्र उजेड कमी पडल्यानं काळपट. "पोलीस," काका म्हणाले. "मला वाटलं मी पाढा सावकाश म्हटला. वीस सेकंदांचा सातात संपवलाय बघ. तोंड शूर आहे माझं, पाढा भित्रा आहे." त्यांच्याकडे अशा काळ्या स्लाइडांचा एक वेगळा डबा होता. झाकणावर मार्करनं लिहिलं होतं: घाई. ते त्या फेकत नसत. एकेक उचलून सांगत, "ही, बायकोच्या ऑपरेशनची तार आली तेव्हाची. ही, शेठनी व्हिसा कॅन्सल करतो म्हटलं त्या आठवड्यातली." माणसं डायरी लिहितात, यांनी आपल्या भीतीची तीव्रता फिल्मवर मोजून ठेवली होती.

आमच्याकडच्या मराठी मंडळींनी एकदा छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. प्रमुख पाहुणे बांधकाम व्यवसायातले होते. त्यांनी फीत कापली आणि कला व वाळवंट या विषयावर तेवढाच वेळ बोलले जेवढ्यात काकांचे चाळीसेक पाढे झाले असते. भिंतीवर ससाणे, उंट आणि सूर्यास्त. कोपऱ्यात काकांचं धुक्यातलं तिवर. पाहुणे त्यापुढे थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "छान आहे हं. त्या दिवशी हवा जरा खराब होती वाटतं."

"हो," काका म्हणाले, "नशिबानं."

शतक बदललं त्या सुमारास काकांची मुलगी शुभा लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेली. तिच्या लहानपणी काका वर्षा-दीड वर्षातून एकदा महिनाभर घरी जायचे. "मी तिला हप्त्याहप्त्यानं मोठी होताना बघितली," ते म्हणायचे. आता तिनं लिहिलं: बाबा, या. आमच्या घरापासून दोन तासांवर तुमची झाडं आहेत. काकांनी ते पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शेठकडे रजा मागितली. शेठ मोठ्या मनाचे होते, विशेषतः आश्वासनांच्या बाबतीत. "जाओ. और फोटो लाओ. अच्छा आया तो बड़ा करके यही दीवार पे लगाएँगे, ये पुराना निकाल देंगे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मगर दस दिन. तुम्हारा वीज़ा रिन्यू होना है, उमर साठ को आ रही है. एक दिन भी लेट, तो मेरे हाथ में कुछ नहीं."

काकांचं सगळं आयुष्य त्या भिंतीवर येऊन थांबलं होतं. ज्या जंगलापुढे त्यांनी एवढ्या लोकांना उभं केलं, ते जंगल एकदा खऱ्या उजेडात आणायचं. साइटवरच्या मुलांनी गावी पाठवलेल्या फोटोत निदान रान तरी खोटं नको. त्यांनी दहा रोल घेतले. जायच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, "झाडं कुठे जात नाहीत. विमान चुकणार नाही. पण धुकं? धुक्याला कुणी तिकीट काढून बोलावलंय?"

तिकडून पहिला फोन आला तेव्हा माझी दाढी चालू होती. त्यांच्याकडे आदली संध्याकाळ.

"काका, कसं आहे?"

"ऊन."

"झाडं?"

"झाडांचं काय विचारतोस. शेंडा बघायला मान वर केली तर टोपी पडली. खाली पावलाचा आवाज येत नाही, इतका पाला. बोलताना आपोआप आवाज खाली जातो. पण ऊन रे. सगळीकडे कवडसे. शुभा म्हणते, बाबा, किती सुंदर! तिला काय सांगू?"

तिसऱ्या दिवशी ऊन. पाचव्या दिवशी ऊन. रोजचा फोन आखूड होत गेला. माझी बायकोही आता सकाळी चहा ओतताना विचारू लागली, "आलं का हो काकांचं धुकं?" आठव्या दिवशी ते नुसतं "लख्ख," म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं विमान होतं.

त्यानंतर फोन आला नाही. मी शेठना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. शेठनी टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मला तारीख दाखवली, जणू मीच परतायचा होतो. दोन दिवस मी कारखान्यात चुकीच्या पिंपांवर पासचे शिक्के मारले.

अकराव्या दिवशी सकाळी सहाला काका जिन्याखाली उभे. तोच शर्ट, हातात किल्ल्या. "आलास का खाली," म्हणाले, जणू मीच कुठे गेलो होतो.

"काका! धुकं?"

"आलं. शेवटच्या सकाळी."

जावई म्हणाला होता, शक्य नाही, विमान चुकेल. शुभानं किल्ली उचलून गाडी काढली होती. धुक्यातून, वळणाच्या रस्त्यानं, दोन तास. रानात हातात जेमतेम दहा मिनिटं उरली. काकांनी स्टँड उभा केला. झाडांचे बुंधे एकामागे एक पुसट होत गेलेले, वर कुठेच आभाळ नाही. आयुष्यभर ज्याच्यासाठी तालीम केली तो उजेड समोर होता. पाच फोटो, पाचही एकोणतीसच्या पाढ्यावर. "शुभा मागे उभी होती," काका म्हणाले. "हातात गाडीची किल्ली. एकदाही 'बाबा, चला' म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं."

विमान मिळालं. व्हिसा रिन्यू झाला. स्लाइड आठवड्यानं आल्या, आणि त्या मी काकांबरोबरच बघितल्या, स्टुडिओतल्या, खालून उजेड देणाऱ्या दिव्याच्या पेटीवर. पहिली काळपट. दुसरी त्याहून काळी. तिसरी, चौथी. पाचवी पेटीवर ठेवली तेव्हा काचेचा तुकडा ठेवावा तसा नुसता काळा चौकोन. काकांनी भिंग लावलं, काढलं, चष्मा पुसला, पुन्हा लावलं.

"तीस सेकंदांचा पाढा," ते म्हणाले, "चारात म्हटला असेन."

शेठ पाठीमागून डोकावून गेले. "कोई बात नहीं, अपना पुराना वाला है ना," म्हणाले आणि गिऱ्हाईक घेतलं. काकांनी पाचही स्लाइड उचलल्या आणि घाईच्या डब्यात ठेवल्या. मग उठून दिवा डावीकडून उजवीकडे नेला, कारण गिऱ्हाईक जंगलापुढे उभं राहिलं होतं.

पुढच्या वर्षी शेठनी डिजिटल कॅमेरा आणि तो चालवणारा एक तरुण आणला. ज्या व्हिसासाठी काकांनी तीस सेकंद चारात उरकले होते तो शेठनी नव्यानं काढला नाही, "इन्शाल्ला, फिर कभी," एवढंच म्हणाले. जायच्या दिवशी, भर दुपारी, काका वर आमच्या घरी आले. बायकोनं पानं मांडली होती. पण ते म्हणाले, "जेवायच्या आधी दोन मिनिटं गच्चीवर चल."

मी त्यांना उन्हात उभं राहिलेलं त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. गच्चीवर ते सरळ मध्यभागी गेले. समोरच्या इमारतीची पांढरी भिंत उन्हानं अशी तापली होती की तिच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी खिशातून पाचवी स्लाइड काढली, त्या भिंतीच्या रोखानं माझ्या डोळ्यापुढे धरली आणि म्हणाले, "बघ."

आधी काहीच दिसलं नाही. मग काळ्यातून एक बुंधा वर आला, मग त्याच्या मागे दुसरा, तिसरा, शेवटी नुसती झाडांची आठवण म्हणावी इतका पुसट. साली दिसल्या. नेचे दिसले. आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याशी, कडेला, एक लाल ठिपका होता. लाल जाकीट. स्टुडिओबाहेर, रानात काढलेल्या फोटोत कधी माणूस येऊ न देणाऱ्या काकांच्या फोटोत माणूस होता.

"शुभा," काका म्हणाले. "चार झाल्यावर मीच तिला म्हटलं, जा, उभी राहा. तिला वाटलं सगळे चांगले आले असणार, आता हा आपला." त्यांनी अंगठ्यानं स्लाइडची कड पुसली. "दिव्याच्या पेटीवर ही दिसतच नाही. एवढं ऊन लागतं हिला. इथलं ऊन कमी पडत नाही."

चौथी स्लाइड त्यांनी मला दिली, पाचवी खिशात परत ठेवली, आणि आम्ही खाली जेवायला गेलो. बायकोनं विचारलं, "एवढ्या उन्हात वर काय करत होता?" काका म्हणाले, "वहिनी, ऊन चांगलं पडलंय आज." ती वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

काका वारले, त्याला आता काही वर्षं झाली. पत्र शुभानंच पाठवलं होतं. आम्ही पुण्यात आहोत. माझी चौथी स्लाइड टेबलाच्या खणात असते. जून ते सप्टेंबर ती बाहेर काढून उपयोग नसतो, तेव्हा ती नुसता काळा चौकोन असते. बाहेर काकांना हवं असलेलं मळभ महिनोन्‌महिने पसरलेलं असतं आणि मी रोज सकाळी खिडकीचा पडदा सरकवून आभाळाकडे बघतो. परवा बायको मागून म्हणाली, "कसली एवढी काळजी? काय बघताय?"

"आज पण ऊन नाही," मी म्हणालो.